म्हशीचे पाय दिसेपर्यंत

बिशान, सिंगापूर
३० मार्च २०१४

ती. ताईस,
शि. सा. न.

आधी आनंदाची बातमी. येत्या ३ जूनला, मंगळवारी, सकाळी अकरा वाजता मी आणि अनुया तुमच्या गावाच्या वरच्या डोंगरातल्या तळ्याकाठी पोचतो आहोत. तिकिटं काढली, रजा मंजूर झाली. पोरीला शाळेची सुट्टी जूनमध्येच मिळते आणि पुढच्या वर्षी तिची मोठी परीक्षा, तेव्हा तारीख बदलणार नाही. बर्फानं तेवढं सांभाळून घ्यावं.

तयारी जोरात आहे. पाठीवर दहा किलो तांदूळ बांधून रोज चौदा मजले जिन्यानं चढतो. शेजारच्या आंटीला वाटलं लिफ्ट बंद पडली, तिनं तक्रारसुद्धा करून टाकली. जुरोंगला तिकीट काढून बर्फात उभं राहायची सोय आहे, तिथंही भाड्याच्या जाकिटात तासभर कुडकुडून आलो. म्हणजे अनुभवही झाला.

फोनवर मी फक्त बोलतो, ऐकत नाही, म्हणून पत्रच लिहीन असं तू म्हणालीस. तर लिही, वाट कधी खुली होईल? तुझ्या निशिकांतरावांना मात्र विचारू नकोस. धरणाच्या कामासाठी दोन वर्षं म्हणून हिमाचलात गेलेले गृहस्थ पंचवीस वर्षं सफरचंदं विकतात, आणि अकरा वर्षांपूर्वी, नेमक्या मी येणार त्या मे महिन्यात, स्वतःच्याच बागेत शिडीवरून पडून गुडघा मोडून घेतात! त्या शिडीपायी माझं तळं तेव्हा हुकलं. त्यांना म्हणावं, मी येईपर्यंत शिडीपासून चार हात लांब राहा.

बर्फ वितळला तरी लोभ राहू दे.
तुझा,
चंदू


मनालीजवळ
१५ एप्रिल २०१४

चि. चंदूस,
अ. उ. आ.

मंगळवार, सकाळी अकरा, हे बर्फाला कळवलं. त्यानं अजून होकार दिलेला नाही. त्याच्याकडे सिंगापूरचं घड्याळ नाही म्हणून लाजत असेल.

इथे यंदा होळीनंतरही बर्फ पडला. आमच्या ओट्यासमोरच्या उतारावर एक मोठा काळा खडक आहे, त्याला गाव म्हैस म्हणतं. बर्फ उतरू लागला की आधी तिची शिंगं दिसतात, मग पाठ, मग पोट. पाय मोकळे दिसले की वरच्या ओढ्यावरचा बर्फ गेला असं समजायचं, मग मेंढपाळ कळप वर नेतात. त्याआधी ओढा बर्फाखालून वाहत असतो. वरून अंगणासारखं सपाट दिसतं आणि पाय टाकला की आत. आज शिंगंच दिसतात. पाण्यात म्हैस नि बाहेर मोल म्हणतात. तुझी तर बर्फात आहे, आणि तू तिकिटंही काढलीस.

बिशानच्या चौदाव्या मजल्यावरून इथल्या शेळ्या हाकू नकोस. तुझं पत्र ह्यांनी वाचलं. शिडीपाशी आल्यावर खूप हसले. मी नाही हसले.

अनुयाला गोड पापा. तांदूळ पाठीवरून उतरव आणि शिजव.
तुझी,
ताई


बिशान
२७ एप्रिल २०१४

ती. ताईस,
शि. सा. न.

म्हैस हा हवामान खात्याचा कितवा विभाग? मी उपग्रहाची दहा वर्षांची चित्रं उतरवून तक्ता केला आहे. त्याप्रमाणे तुमची म्हैस २९ मेपर्यंत चारी पायांवर उभी राहते. शिवाय कुणीतरी मागच्या जूनमधला फोटो टाकलाय, त्यात तळ्याकाठी हिरवंगार गवत आहे. त्यावर अनुयाचं इथल्या सिंगापुरी थाटात म्हणणं, की बर्फाला एक्सेल येत नाही, लाह. ही पोर तुझ्यावर गेली आहे.

शेवटी मी निशिकांतरावांनाच फोन लावला. ते एवढंच म्हणाले, की जरूर या, आपण काहीतरी बघू. घरात एक तरी माणूस उत्साही आहे!

म्हशीला आणि तुला, दोघींना नमस्कार. राग वितळू द्यावा.
चंदू


मनालीजवळ
९ मे २०१४

चि. चंदूस,
अ. उ. आ.

हे पत्र एकट्यानं वाच. फोन बैठकीत आहे आणि हे तिथेच बसतात, म्हणून फोनवर बोलता येत नाही.

तुझे निशिकांतराव शिडीवरून पडले नव्हते. त्या वर्षीही तू तिकिटं काढून बसला होतास आणि म्हैस पोटापर्यंत बर्फात होती. बायकोचा भाऊ इतक्या लांबून येतोय, त्याला नाही कसं म्हणायचं, हा ह्यांचा स्वभाव. म्हणून तू यायच्या चार दिवस आधी एकटेच वाट बघायला वर गेले. ओढ्यावरचा बर्फ खचला. मेंढपाळांनी पाठीवर घालून खाली आणलं. शुद्धीवर आल्यावर पहिली शपथ मला घातली, चंदूला कळू द्यायचं नाही, त्याच्या मनाला लागेल. शिडी ह्यांनीच शोधून काढली. अकरा वर्षं तू त्या शिडीवर हसतोस आणि हेही तुझ्याबरोबर हसतात.

तुझा फोन आल्यापासून ह्यांनी काठीला नवं लोखंडी टोक बसवून घेतलंय. महिनाअखेरीला जरा वर जाऊन बघून येतो म्हणतात. एकसष्ट वर्षं, आणि तो गुडघा. मी सांगून थकले. मला फार भीती वाटते रे. आज शपथ मोडली, आता काय करायचं ते तू कर.

तुझी,
ताई


बिशान
२१ मे २०१४

ती. निशिकांतराव यांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर घाईत सांगितलं, आता सविस्तर लिहितो. तांदळासकट जिन्यावरून पडलो. उजव्या गुडघ्याला चांगलाच मार आहे. डॉक्टर म्हणतात तीन महिने चढण बंद. तुमच्या शिडीला इतकी वर्षं हसलो, त्याची ही फेड. तुमचा गुडघा किती दुखला असेल हे आत्ता कळलं. आधी कळायला हवं होतं.

तिकिटं बुडाली. बुडू देत. सप्टेंबरात अनुयाला आठवडाभर सुट्टी असते, तेव्हा येतो. तोवर म्हशीची खबर ओट्यावरच्या खुर्चीतून कळवत जा. खुर्चीतूनच. माझा तक्ता फाडून टाकला.

हसून झालं असेल तर क्षमा असावी, आणि माया पूर्वीइतकीच.
आपला,
चंद्रशेखर


मनालीजवळ
३ जून २०१४, मंगळवार

चि. चंद्रशेखर यांस,
अनेक आशीर्वाद.

सकाळचे अकरा वाजले आहेत. म्हैस अजून पोटापर्यंत बर्फात आहे. खुर्चीतूनच लिहितो आहे.

तुमचा गुडघा फोनवर डावा होता, पत्रात उजवा आहे. अनुयाने सुलेखाआत्याला टपालाने धाडलेला फोटो कालच आला, २२ मेच्या त्या फोटोत तुम्ही दोन्ही पायांवर ठणठणीत उभे आहात. राग नाही. पहिल्यांदा पडताना माणूस असा गोंधळतो. माझी शिडीही कच्चीच होती. मे महिन्यात झाडावर बोराएवढी सफरचंदे असतात, त्या दिवसांत शिडी लावून मी काय काढत होतो, हे अकरा वर्षांत तुम्ही एकदाही विचारले नाहीत.

मी वर गेलो नाही, जाणारही नाही. नव्या टोकाच्या काठीने सुलेखा मांजर हाकलते. मला कळले आहे हे तिला सांगू नका. शपथ मोडल्यापासून बिचारी रोज शिरा करते आहे.

सप्टेंबरात नक्की या. पोरीला तळ्यावर मेंढपाळांबरोबर पाठवू. तेव्हा बागेत खरोखरच शिडीचा हंगाम असतो. तुम्ही चढा, मी खाली धरून उभा राहतो.

आपला,
निशिकांत