वाघरीचा मोकळा कोपरा

।। श्री खंडोबा ।।
भांडगाव, १८ जून १९९९

चि. हनुमंत यास दादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. तुझी खुशाली कळून महिना झाला. रेडिओ कारगिलचं सांगतो, समुद्रावरच्या पोरांचं कोणी बोलत नाही.

एखादं मेंढरू चुकलं, की ते रात्री परत शिरावं म्हणून आपण कळपाभोवतीच्या वाघरीच्या जाळीचा कोपरा बांधत नाही. तुझ्या आईनं तो तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय! परवा त्यातून कुत्रं शिरलं. मी म्हणालो, पोरगं जहाजावर हाय, त्याला वाघर कशाला? तर म्हणते, तुम्हाला न्हाई कळायचं, काठी घ्या आन् राखण करा. तेव्हा माझी झोप तुझ्या पत्रावर अडली आहे.

माया आहेच, पत्रही असावे.
दादा

जहाजावरून, ४ जुलै १९९९

तीर्थरूप दादांस, सा. न. वि. वि.

कुठं आहे ते सांगायला बंदी आहे. पाणी पुष्कळ आहे. पुढचा मजकूर आईला वाचताना गाळा.

वादळात एक मच्छीमार होडी बंद पडली. तिच्यातल्या माणसांना आणायला आम्ही चौघं छोट्या बोटीतून निघालो. लाटेनं बोट उलटली. अंगात तरंगायचं जॅकेट होतं, पण लाटांआड जहाज दिसेना. केरळचा नायर घाबरून एकटाच पोहत निघाला. त्याला मेंढीसारखा पायाला धरून मागं ओढला. गारपिटीत मेंढरं डोकी आत घालून उभी राहतात, तसे चौघं बिलगलो. ट्रेनिंगमध्येही हेच शिकवतात, पण मला आठवली आपली मेंढरंच. मग भीतीनं तोंडातून मेंढरांना घालता ती तुमचीच हाळी निघाली, हुर्रर्र! जहाजानं आवाजाच्या रोखानं दिवा फिरवला. दोर टाकून आम्हाला ओढलं. मच्छीमारही सुखरूप आले. नायर आता मला पाहिलं की हुर्रर्र करतो.

लढाई थांबली की रजा मिळेल. आशीर्वाद असू द्यावा.
आपला हनुमंत

भांडगाव, १२ जुलै १९९९

चि. हनुमंत यास आशीर्वाद.

मजकूर गाळता आला नाही. मी अडखळलो, की तुझी आई म्हणे, गिळू नगा, वाचा. नायरच्या पायाचं ऐकून हसली, मग तोंडाला पदर लावून आत गेली. देवापुढं भंडारा वाहिला, नायरच्या नावानंही.

मी आनंदानं वाघरीचा कोपरा बांधायला गेलो, तर तिनं हात धरला. म्हणते, कागद आलाय, पोरगं कुठं आलंय?

तेव्हा रजा मिळताच ये, नायरलाही आण, आणि ती गाठ तुझ्या हातानं मार. तोवर मी काठी घेऊन बाहेर आहे. येताना लांबूनच हाळी दे, नाहीतर अंधारात कुत्रं समजून एक बसेल.

वाट पाहणारा,
दादा