अक्काचा दुहेरी चष्मा

१२ जानेवारी १९६४, अणदूर
बदलीचा हुकूम आला. भूमची कन्याशाळा, मुख्याध्यापिका म्हणून. मार्चात रुजू व्हायचं.
अक्काला सांगितलं. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "लई चांगलं झालं." मग डोळ्यांवरचा जवळचा चष्मा काढला आणि लांबचा शोधायला लागली. तो तिच्याच कपाळावर होता.
हसू यायला हवं होतं. चीड आली. दिवसभर हेच चालतं. शिवताना एक, दारात कोणी आलं की दुसरा. परवा लांबचा पिठाच्या डब्यात सापडला. लहानपणापासूनच नंबर भारी, भिंगं जाडजूड, त्यात आता जवळचंही दिसेना. मी गेल्यावर हिचे चष्मे कोण शोधणार?
एकाच चष्म्यात लांबची-जवळची अशा दोन्ही काचा बसवतात म्हणे. एकदा ते झालं की मला निर्धास्त जाता येईल.

२५ जाने., सोलापूरहून आल्यावर
रजा टाकून अक्काला घेऊन गेले. चष्मेवाले वयस्कर, सावकाश बोलणारे. म्हणाले, "ताई, साध्या नंबराला काही वांधा नाही. यांचा नंबर मोठा आहे. वरच्या काचेतून लांबचं दिसेल, खालच्यातून जवळचं. पण खाली बघून चालायला गेलं की जमीन उचलल्यासारखी वाटते. यांना आहेत तसे दोन वेगळे बरे."
परदेशात बिनरेघेची काच निघालीय म्हणे, वरपासून खालपर्यंत नंबर हळूहळू बदलत जाणारी. त्यांनीही नुसती ऐकलीय.
मग विचारलं, "घरात पायऱ्या आहेत का?"
"नाहीत," मी म्हटलं.
घरावरच्या माळवदावर जायच्या दगडी पायऱ्या डोळ्यांपुढं असताना म्हटलं. अक्कानं माझ्याकडं पाहिलं.
दुहेरी काच सांगून आलो. एसटीत मी झोपेचं सोंग घेतलं.

८ फेब्रु.
चष्मा आणला. अक्कानं घालून आधी सुई ओवली, मग तसंच दाराकडं बघितलं. शेजारची गौराबाई उभी होती. "नवं लुगडं गं?" अक्का म्हणाली. गौराबाई खूश, अक्का त्याहून.
पण अंगणात उतरली ती पाय चाचपत. "भुई वर येती गं, नीला."
"होईल सवय." किती चटकन म्हटलं मी. जसं काही माझेच डोळे.

१७ फेब्रु.
चौथीचा तास चालू होता. गौराबाई शाळेतच धावत आली. अक्का पडली. माळवदावर मिरच्या वाळत घातल्या होत्या, त्या हलवून उतरताना.
उजवं मनगट. सोलापूरला नेलं, प्लॅस्टर घातलं. डॉक्टर म्हणाले हाड जुळेल, बोटं पहिल्यासारखी वळतील का ते आत्ता सांगता येत नाही. शिवणकाम करते असं मी सांगितलं. त्यावर ते नुसतं हं म्हणाले.
चष्म्याला ओरखडासुद्धा नाही.

२० फेब्रु.
गल्लीतल्या बायका येऊन जातात. अक्का सगळ्यांना एकच सांगते, "पाय घसरला." मी शेजारी बसलेली असते. एकीनं विचारलं, नव्या चष्म्यानं तर नव्हे? "न्हाय गं. चष्मा लई झकास हाय."
भात कालवून देते. वेणी घालते. लहानपणी माझी तीच घालायची. नवरा वारल्यावर माहेरी आली ती आई नसलेल्या मला, धाकट्या बहिणीला, वाढवायलाच जणू. मॅट्रिक, ट्रेनिंग, सगळं त्या मशीनवर. आणि मी तिला

नको. लिहवत नाही.

२३ फेब्रु.
आज बोलले. तेल लावताना, तिची पाठ माझ्याकडं असताना.
"अक्का, सोलापुरात मी खोटं बोलले. पायऱ्यांचं."
"मला काय ऐकू येत न्हाय व्हय?"
"मग तू का नाही बोललीस?"
"तुला घाई होती."
एवढंच. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. मी तेल लावत राहिले.

२८ फेब्रु.
जुने दोन्ही चष्मे पुसून तिच्यापुढं ठेवले. घेतले नाहीत. "ऱ्हाऊ दे हाच. आता कुठं कळाय लागलंय. नुसती नजर न्हाय, मान खाली घालायची." अंगणाकडच्या उंबऱ्यावर करून दाखवलं, हनुवटी छातीला टेकवून. मी दोन्ही हात पुढं करून उभी.
सोमवारी भूमला हजर व्हायचंय. गौराबाई दोन्ही वेळचं करून घालते म्हणालीय. तिकडच्या शाळेतल्या बाईंनी माझ्यासाठी खोली बघितलीय, एका माणसापुरती.
दुपारी अक्का मशीनवरची धूळ डाव्या हातानं पुसत होती. मध्येच म्हणाली, "भूमचं पाणी गोडं हाय का गं?"
"असेल. का?"
"काय न्हाय. एसटीच्या टपावर मशीन चढवू देतात का, ते बी विचार."
माझा हात ट्रंकेच्या कडीवरच राहिला. हुकूम आल्यापासून हिची सोय कशी लावायची याचाच विचार केला. चल माझ्याबरोबर, असं एकदाही म्हटलं नाही. डोक्यातसुद्धा आलं नाही.
"चौकशी करते," मी म्हटलं.
तिनं मान डोलावली आणि मशीनवर कापड घातलं.