नात्याच्या रकान्यातली दुरुस्ती

मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, तयार कपड्यांच्या कारखान्यात बटणांची काजं करणारी एके काळची काजेवाली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते. दबाव आणायला घरात आहे कोण? एकोणीस वर्षं सरकारी कागदांवर मी एकटीच राहते. गुरुवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी नको, आणि मला ती नाहीही. फक्त एक दुरुस्ती राहिली आहे, ती कलम चारमध्ये.

१. खोली भाड्याची, त्यामुळे ती कोणाला देता येत नाही. भिंतीपलीकडे रंगारी राहतो. कारखाना बंद पडला त्याच वर्षी रंगाच्या वासाने त्याची छाती गेली, आणि आम्ही बेकारभत्त्याच्या रांगेत पुढेमागे उभे राहिलो. नियम असा, की दोघं एका घरात राहिली तर दोघांत एकच भत्ता. म्हणून आम्ही दोन दारं, दोन कुलपं आणि चूल एकच ठेवली. चहा झाला की मी भिंतीवर चमचा दोनदा वाजवते. तो चमचा, चहाचं पातेलं आणि बँकेत असेल ते सगळं रंगाऱ्याचं.

२. शिवणयंत्र धाकट्या बहिणीला. "सरकारच्या जिवावर बसून खातेस," असं ती मला भर पंगतीत म्हणाली होती. बसून खाल्लं हे खरं. दिवसभर रांगेत उभं राहिल्यावर उभ्याने जेवायची ताकद राहत नसे. नोकरीसाठी केलेल्या माझ्या अर्जांची फाइल यंत्राच्या खणात आहे, सगळ्या नकारांसकट. ती वाचावी अशी अट नाही, पण फाइल उचलल्याशिवाय बॉबिन सापडणार नाही.

३. शेवटच्या वर्षांत रांगेत बसायला घेतलेली माझी घडीची खुर्ची तपासनिसाला. मृत्युपत्रात ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, म्हणून ती आजच त्याच्या हातात दिली आहे. भत्ता कार्यालयातून तो एकदा माझं घर तपासायला आला होता. मोरीतल्या मगात दात घासायचे दोन ब्रश होते, हिरवा आणि लाल. त्याने मगाकडे पाहिलं, पाणी मागून प्यायला आणि अहवालात लिहिलं: ब्रश एक. आंधळा आहे म्हणून मी कित्येक वर्षं त्याला हसले. पुढे त्याचं काम संगणकाने घेतलं आणि तो आमच्याच रांगेत आला. कुठल्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते मीच त्याला शिकवलं. एकदा सहज म्हणाला, "तो हिरवा ब्रश फार झिजला होता हो. बदललात की नाही?" तेव्हापासून मी हसणं बंद केलं.

४. आता आम्हा दोघांना म्हातारपणाचं पेन्शन मिळतं, आणि घरात कोण राहतं हे पेन्शनवाले विचारत नाहीत. भीतीचं कारण उरलं नाही. तरी परवा इस्पितळाच्या फॉर्मवर, रंगाऱ्याच्या नावापुढे नात्याच्या रकान्यात, सवयीने माझ्या हातून लिहिलं गेलं: शेजारी. तो बाजूलाच होता. "बरोबर लिहिलंस गं," म्हणाला आणि पेनाला टोपण लावायला लागला. ते दोनदा हुकलं. मला स्वतःची फार लाज वाटली.

तरी मी जाहीर करते, की तो माझा शेजारी नाही. तो माझा माणूस आहे, एकोणीस वर्षांपासून. माझी शुद्ध हरपली तर डॉक्टरांनी त्यालाच विचारावं. मी गेले तर माझं सगळं त्यानेच करावं, आणि बहिणीने त्याच्या बाजूला उभं राहावं, पुढे नाही.

परत आले, तर भिंतीत दार पाडायची परवानगी मागू. अर्ज मी लिहीन, हात बसलेला आहे.

ठिकाण: माझी खोली. मंगळवार, दुपारचा चहा झाल्यावर.

सही: काजेवाली

साक्षीदार:

१. तळमजल्यावरची इस्त्रीवाली. बाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. माजी तपासनीस. बाईंनी माझ्यासमोर सही केली. तसेच माझ्या जुन्या अहवालात दुरुस्ती: ब्रश दोन होते.