बुटक्या बायांचं माप

माय,

काल भाचीनं मोबाइलवर एक दुकान दाखवलं. आपल्यासारख्या बुटक्या बायांसाठी म्हणे आता वेगळे कपडे निघालेत, त्यांना 'पेटीट' म्हणतात. मी म्हटलं, "नाव तर निघालं बाई, आता कपडे मापात निघतात का ते बघ." नांदेडच्या बाजारात अजून तेच चाललंय. कुर्ता घालून बघावा तर खांदा दंडावर उतरतो, बाहीत बोटं गडप होतात, आणि दुकानदार तोंड वर करून सांगतो, "फ्री साइज आहे काकू, सगळ्यांना बसते." सगळ्यांना म्हणजे कोणाला रे बाबा? मी त्याला सरळ सांगते, मला बसत नाही, म्हणजे तुझ्या 'सगळ्यां'त गडबड आहे, दुसरं काढ. दुसरंही बसत नाही, पण निदान माझ्याकडं नीट बघून काढतो. चपलांचं तर विचारूच नको. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेली बाई आजही शाळकरी मुलींच्या कप्प्यातून सँडल घेते आणि त्यावरचं फुलपाखरू घरी येऊन ब्लेडनं काढते.

ही उंची तुझी देणगी, आणि तू तर माझ्याहूनही ठेंगणी. मी कधी कुरकुरले की तू म्हणायचीस, "मिरची केवढी असती? खाऊन बघ मग सांग." लोकांनी ती मिरची बरीच खाल्ली, माय. पण सुरुवात तू केलीस ती त्या मोठ्या दुष्काळात.

देगलूरकडच्या आपल्या गावाशेजारी पाझर तलावाचं काम निघालं होतं. मी नववीत होते, परकर-पोलक्यातली. घरात ज्वारीचा दाणा नव्हता, बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून शाळा सुटल्यावर नव्हे, शाळा बुडवूनच मी तुझ्याबरोबर आले. हजेरी घेणारा मुकादम मला बघून म्हणाला, "लेकरांना काम न्हाई. हिला तिकडं सुकडीच्या रांगंत बशीव." लेकरांना सुकडीचा कोरडा खाऊ वाटायचे, त्याच रांगेकडं त्यानं आधी तुलाही हाकललं होतं, पण तू लुगडं नेसलेली बाई, म्हणून वाचलीस. तू त्याच्याशी भांडली नाहीस. गपचूप मला घेऊन घरी आलीस, तुझं दुसरं लुगडं काढलंस आणि माझ्या कमरेला धरून बघितलंस. पन्हा माझ्यासाठी केवढा मोठा! नेसले तर मीच त्यात हरवले असते. मग तू सुईदोरा घेतलास आणि अख्ख्या नऊ वारांना एका कडेनं दुमड घालून धावदोरा मारत बसलीस. शेजारची आजी ओरडली, "अगं, कुवार पोरीला लुगडं नेसवतीस? लगीन झालेल्या बाईनं नेसायचं असतंय ते." तू मान वर न करता म्हणालीस, "लुगडं अंग झाकतंय, तसं पोट बी झाकंल."

दुसऱ्या दिवशी मी काष्टा मारून रांगेत उभी. मुकादमानं मला ओळखलंच नाही. "ही कुणाची सून? नवऱ्याचं नाव सांग." तू म्हणालीस, "नवरा न्हाई. बापाचं नाव लिव्हा." त्यानं लिहिलं, मला घमेलं मिळालं, पण दुपारपर्यंत साऱ्या कामावर बातमी पसरली की ह्या पोरीला नवऱ्यानं टाकलीय! लुगडं आहे, गळ्यात काही नाही, बापाचं नाव लावते, दुसरं काय असणार? एक बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "सोसावं लागतंय माय, बाईच्या जातीला," आणि पदरातला गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. मी घाबरून तुझ्याकडं बघितलं. तू माती ओतता ओतता म्हणालीस, "खा गूळ. नवऱ्याचं मागून बघू." त्या उन्हात आपण दोघी इतक्या हसलो की घमेलं पडता पडता राहिलं. अजूनही ते आठवलं की एकटी असले तरी मला हसू फुटतं.

मग लातूर नवा जिल्हा झाला आणि मला तिथल्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. आपल्या घरातली पहिली सरकारी नोकरी. तुझ्या पोटात तेव्हा एकच भीती होती, मला ती आत्ता कळते. ह्या पोरीला कुणी मोठं माणूस समजेल का? कामावर जसं लेकरांच्या रांगेत ढकललं, तसं तिथंही ढकलतील का? म्हणून तू माझ्याबरोबर निघालीस. त्याआधी माझ्यासाठी नवी साडी आणलीस, विहारात वंदनेला नेसतो तशी पांढरी, बारीक निळ्या काठाची, आणि घडी मोडायच्या आधीच तिला कात्री लावलीस. काठ कापून वेगळा केला, त्याच्या वरचा पट्टा काढून टाकला, काठ परत जोडला. कोऱ्या साडीला कात्री लावू नये म्हणतात. मी तसं म्हटलं तर तू म्हणालीस, "साडीला दुखत न्हाई गं. तू पाय अडकून पडलीस तर तुला दुखंल." माझ्या आयुष्यात मापात बसलेला पहिला कपडा तो.

उदगीरवरून एसटीनं लातूरला उतरलो आणि आधी गंजगोलाईत चपला बघायला गेलो. बायकांच्या चपलांत माझा पाय होडीत बसल्यासारखा. दुकानदारानं शेवटी शाळेचे काळे, बक्कल असलेले बूट पुढं केले आणि म्हणाला, "कितवीत आहे मुलगी?" तू ताडकन म्हणालीस, "कितवीत न्हाई, कचेरीत हाय. पाय बारका हाय, काम बारकं न्हाई." बूट मात्र तेच घेतले. दुसरे होतेच कुठं? काळे आणि साधे होते, साडीखाली झाकूनही गेले.

कचेरी म्हणजे भाड्याची इमारत, दारावरच्या पाटीचा रंग अजून ओला, उस्मानाबादहून आलेली दप्तरं ओसरीत रचलेली. दारात स्टुलावर शिपाई बसला होता. मी पायरी चढले तसा तो मायेनं म्हणाला, "कोण पायजे बाळ? बाबा हायेत का आत?" आणि मी हसले. उगीच, ओशाळून, माझंच काही चुकल्यासारखी. "नाही हो काका, मी जरा बुटकी आहे ना, मी रुजू व्हायला आलेय." माझं वाक्य संपायच्या आत तू माझ्या कोपराला धरलंस आणि मला अंगणातल्या लिंबाखाली नेलंस. इतकी चिडलेली मी तुला कधी बघितली नव्हती. "हसलीस कशाला?" मी म्हटलं, अगं तो चुकून बोलला. "चुकला तर त्यानं हसावं. तू कशाला हसून राहिलीस? आज हसलीस की जलमभर तुला बाळ म्हणतील. जा. पुन्यांदा जा." माझे डोळे भरून आले, पण तू पदरानं पुसलेसुद्धा नाहीस. मी परत पायरी चढले. शिपायाला म्हटलं, "मी आजपासून इथं कारकून आहे. साहेबांची खोली कोणती?" तो उभा राहिला. दार उघडून धरलं त्यानं. तू कचेरी सुटेपर्यंत त्या लिंबाखाली बसून होतीस, डबा सोडून खाल्ला होतास आणि त्याच शिपायाला भाकरही दिली होतीस.

माय, त्या दिवसापासून मी कोणाच्या तसल्या चुकीवर हसले नाही. खुर्चीवर पाय लोंबकळायचे म्हणून घरून पाट नेला आणि टेबलाखाली ठेवला. साहेब बघून हसले, मी हसले नाही, तर त्यांनी विषय बदलला. शिरूर अनंतपाळ तालुका झाल्यावर मी तिथं नायब तहसीलदार म्हणून गेले. जीपमधून उतरले की लोक माझ्या मागं बघायचे, साहेब कुठं आहेत म्हणून. मी तिथंच उभी राहायचे. जरा वेळानं नजर खाली यायची आणि हात जोडले जायचे. ब्लाउज, कोट, पावसाळी बूट, सगळं शिवून किंवा कापून मापात आणलं. स्वतःला मात्र कुठंही दुमड घातली नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, टाकायला पत्ता नाही. तरी एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय. तू गेलीस त्या सकाळी आपल्या विहारातल्या बायाही गोदावरीकाठी आल्या होत्या. लाकडं रचणाऱ्या माणसानं कापडात गुंडाळलेल्या तुझ्याकडं बघितलं आणि हळूच मला विचारलं, "लेकरू हाय का ताई? म्हंजे थोडकी लाकडं बास व्हतील." बिचाऱ्यानं चांगल्या मनानंच विचारलं होतं. मी हसले नाही, रडलेही नाही. म्हटलं, "बाई आहे. नातवंडं खेळवलेली बाई आहे. मोठ्या माणसाला रचता तशी पुरती रचा." त्यानं रचली. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते, ताठ मानेनं सांगते. एवढंच कोणाला सांगत नाही, की त्यानं विचारायच्या जरा आधी, तुझ्या तोंडावरचं कापड सारखं करताना, मलाही तू लेकरूच दिसली होतीस. उचलून कडेवर घ्यावं आणि घरी न्यावं, असं वाटलं होतं.