दाजींच्या लग्नातले बूट

जर्मनी, ७ डिसेंबर १९९८

ती. दाजी,

इतक्या लांबून वाकून नमस्कार (अंगात दोन स्वेटर असल्यामुळे जेमतेम कमरेपर्यंत वाकता आलं, गोड मानून घ्या). तुमची कंबर कशी आहे? आक्काचा खोकला? वैष्णवीची परीक्षा? कोपरखैरण्यात म्हणे थंडी पडलीय. वाचून हसू आलं.

महाप्याच्या कंपनीने मला मशीन शिकायला पाठवलं, पण रविवारी मशीनलाही सुट्टी असते. म्हणून काल एकटाच न्युरेनबर्गचा नाताळबाजार बघून आलो. पायात अर्थात तुमचे लग्नातले बूट. (निघताना बुटांकडे बघत "सांभाळून जा" म्हणालात, ते मला नव्हतं, हे मी ओळखलं होतं.) चौकभर लाल-पांढऱ्या छपरांची दुकानं, आणि एवढ्या गर्दीत ओरडणारा एकही नाही. वाशीच्या फळबाजारात तुम्ही असे गप्प बसलात तर संध्याकाळपर्यंत पेटी हलायची नाही.

बाजाराला लागूनच चर्च. गणपतीपासून एक गोष्ट तुमच्यापुढे माझ्या तोंडातून निघत नाही. म्हटलं, इथल्या देवापुढे बोलून बघू. देवाच्या दारात बूट घालून कसं जायचं? पायरीवर काढले आणि मोज्यांवर आत गेलो. (लोक बघत होते. मला वाटलं, भक्ती बघतायत.) फरशी इतकी गार, की नवस दोन वाक्यांत उरकला. बाहेर येताना मात्र धस्स झालं. आपल्याकडे देवळाबाहेर साध्या चपला राहत नाहीत, हे तर दाजींचे बूट!

बूट जागेवर होते, पण भरलेले. एकात अक्रोड, दुसऱ्यात चॉकलेटं आणि एक संत्रं. समोरच्या बिस्किटवाल्या आजीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं (माझंही तेवढंच मोडकं, त्यामुळे छान जमलं), की आज संत निकोलसचा दिवस. गुणी पोरांच्या बुटांत तो खाऊ ठेवून जातो. आजीच्या टोपलीत तशीच संत्री होती. डोळ्यांत पाणी आलं दाजी, खरंच. तीन महिन्यांत इथे मला कुणी गुणी म्हटलं नव्हतं. (ते संत्रं तुम्ही नुसतं बघून आंबट म्हणून बाजूला टाकलं असतं. गोड निघालं.)

तुमचा आज्ञाधारक मेहुणा,
उदयसिंह

ता. क. नवस वैष्णवीसाठी होता. तुमच्या धाकट्या बहिणीला मी मागणी घालतोय. समोर बसून सांगायची हिंमत नव्हती, म्हणून जर्मनीतून सांगतोय. तिला विचारलंय. ती म्हणाली, "आधी दादाला विचारा. पण लवकर विचारा हां."

ता. क. २. बूट सुखरूप आहेत, टाचेशी थोडं चॉकलेट वितळलंय एवढंच. पण तुम्ही हो म्हणालात तर परत मागू नका, लग्नात मलाच लागतील. फक्त तेव्हा आक्का ते लपवायला नवरीची वहिनी म्हणून तुमच्याकडून येणार की राखायला नवऱ्याची बहीण म्हणून माझ्याकडून, तेवढं तिला आत्ताच विचारून ठेवा.