कायो काऊन उतरली

७ ऑगस्ट २०११, रविवार

बंटीचा पेनड्राइव्ह आला शेवटी. गोंदियाहून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पाठवला, पेपरात गुंडाळून. 'महालोह' कार्टूनचे उरलेले बावीस भाग. जपानी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं. नववीत होतो तेव्हा हिंदीतून लागायचं. मी शाळेच्या होस्टेलला, म्हणून नीलूच्या घरी पाहायचो. तिसाव्या भागावर चॅनेलवाल्यांनी बंदच केलं. मध्ये आठ वर्षं गेली. ती घरी ब्लाउज शिवते, मी सडक अर्जुनीतच कॉम्प्युटर क्लासात शिकवते, आणि दोघींनाही अजून माहीत नाही की ती पायलट पोरगी कायो तो एवढा मोठा रोबोट, महालोह, घेऊन चंद्रावरून परत आली की नाही.

संध्याकाळची बॅच सुटली की क्लासातच पाहायचं ठरलं. चार नंबरचा कॉम्प्युटर, त्याचाच स्पीकर चालतो.

१२ ऑगस्ट

भा. ३१ ते ३४. परत आली. महालोह आता नुसता डोंगराएवढा राहिलाच नाही, ढग त्याच्या कमरेला. हरला की वाढतो. ठोसा मारायच्या आधी कायो अर्धा मिनिट ओरडते, मागे नगारे, विजा. माझ्या अंगावर काटा.

बंटीला फोन केला तर तो हसतच सुटला. "अरे छाया, कॉमेडी है वो! बनानेवाले खुद हँस रहे हैं. दिमाग घर पे रख के देख." कॉलेजपासून असाच. गोंदियात मोबाइलचं दुकान टाकलं, गिऱ्हाइकाशीही असाच बोलत असेल.

मला नाही पटत. एवढीशी पोरगी एवढं लोखंड एकटी उभं करते, यात हसायचं काय?

नीलू म्हणे तुम्ही दोघंही चुकून राहिले. "मले तं पहिल्यापासून हे दुःखाचंच वाटते."

कसं?

"तिचे हात पाह्य ना."

पाहिले. हँडल धरून धरून बोटं वाकडी काढलीत चित्रात. चौतीस भाग झाले, माझं लक्षच गेलं नव्हतं.

२६ ऑगस्ट

नीलू चार दिवसांपासून गोंदियाच्या दवाखान्यात. सिकलसेलचं तेच दुखणं, या वेळी खुब्यात. सातवीत शाळेत रक्त तपासलं तेव्हापासून नाव माहीत झालं, दुखणं त्याच्याही आधीचं. आईकडूनही आलं, बाबांकडूनही. मी गेले तेव्हा सलाईन, वर रक्ताची बाटली. ओठ पांढरे.

"पस्तीसवा माझ्याबिना पाहिला तं नाई ना?"

नाही पाहिला.

डॉक्टर म्हणाले खुब्याचं हाड सुकत चाललंय, नागपूरला ऑपरेशन करून नवीन बसवावं लागेल. तिचे बाबा, भाऊरावकाका, ऐकत उभे होते. हायवेवर ट्रकच्या टायरचं दुकान आहे त्यांचं. हाताचं काळं धुऊन आले होते, तरी नखांत होतं. एकच विचारलं, "नवीन बसवलं तं किती दिवस टिकते?"

१८ सप्टेंबर, रविवार

नीलू काठी घेऊन यायला लागली. काका लुनावर सोडून जातात.

मी इंटरनेटवरच्या एका फोरमवर नाव नोंदवलं. महालोहवाल्यांची जागा. कोणी पुण्याचा, कोणी ब्राझीलचा. दिवसभर भांडतात. एक पार्टी म्हणते याच्यासारखं काही झालंच नाही. दुसरी म्हणते आरडाओरडा आणि फालतूपणा. तिसरी बंटीची, मुद्दाम केलेला फालतूपणा आहे म्हणून तर मजा. नीलूसारखं म्हणणारं कोणीच नाही. तिला सांगितलं तर म्हणते, मग मी लिहू काय? लिही ना बाप्पा. इंग्रजी येत नाही नीट, म्हणते.

भा. ४१. कायो समुद्र उचलून ढालीसारखा धरते. मी टाळ्या वाजवल्या. नीलूचं लक्ष कायोच्या बोटांकडे.

३० सप्टेंबर, शुक्रवार

भा. ५२. संपलं.

काय लिहू. शत्रू वर आभाळात तसाच. सगळे ओरडताहेत, कायो, एकदा अजून. आणि ती हँडल सोडते. झाकण उघडते. बाहेरची शिडी धरून खाली उतरायला लागते. नगारे नाहीत, काही नाही. सात मिनिटं नुसता शिडीवर पायांचा आवाज. एका दांड्यावर हात. खलास.

मी खुर्चीवरून उठले. हे काय? एकावन्न भाग शिकवलं की हरलं तरी उभं राहा, आणि शेवटी हे? नीलू रडत होती. मला वाटलं तिलाही राग आला.

"नाई व. मले लय बरं वाटलं."

१ ऑक्टोबर

फोरमवर लिहिलं. डिक्शनरी घेऊन, दोन तास. भाग बावन्न हा दगा आहे. जी अशी उतरते ती भित्री, ती कधी पायलट नव्हतीच. संध्याकाळपर्यंत चाळीस जणांनी वाहवा केली. एकाने लिहिलं, शेवटी कोणीतरी खरं बोललं.

खूप छान वाटलं. खोटं कशाला लिहू.

५ ऑक्टोबर

उद्या दसरा. नीलूच्या घरचे दरवर्षीसारखे नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार. काका म्हणाले होते त्याच फेरीत ऑपरेशनचं विचारून येऊ. मी डबा घेऊन गेले तर पिशव्या अर्ध्या भरून तशाच. नीलूने नाही म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशन नको.

काकू मला म्हणाल्या, "तू तरी समजाव बाई."

मी समजवायला बसले. काऊन नको? तिने शांतपणे सांगितलं. सुया टोचून टोचून नस सापडत नाही. रक्त चढवताना अंग थरथरते. खुबा केला की दुसरा खुबा, मग खांदा. "सगळेच म्हणून राहिले लढ, लढ. मी थकली ना छाया."

मी म्हटलं, "मग तूही उतर. त्या कायोसारखी."

असं म्हटलं मी. हेच शब्द.

तिने माझा डबा उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "वाचलं मी तू काय लिहिलं ते. बंटीनं दाखवलं मोबाइलवर. जाय आता घरी."

२० ऑक्टोबर

पंधरा दिवस बोलणं नाही. क्लासात चार नंबरवर कोणी बसलं की चिडचिड होते.

नीलूने फोरमवर लिहिलं, बंटीच्या मोबाइलवरून असणार. माझ्याच पोस्टच्या खाली. मोठ्ठं. इंग्रजी तोडकंमोडकं, काळ चुकलेले, पण तिचंच, वाचता वाचता तिचा आवाज येतो. खाली लोक हसताहेत. एकाने तिची वाक्यं उचलून चुका लाल करून टाकल्या. मी आठ-दहा वेळा लिहायला बसले की ही माझी मैत्रीण आहे, हिला हसू नका. नाही लिहिलं. लिहिलं तर कबूल करावं लागलं असतं की तिचं वाचून मला उत्तर सुचलं नाही.

१३ नोव्हेंबर, केशोरी

धान कापणीला गावी, घरी. दिवसभर वाकून कंबर गेली. बंटीचा फोन. "तुम दोनों पागल हो. एक कार्टून के पीछे आठ साल की दोस्ती?" आठ नाही, बारा. पाचवीपासून. तो म्हणाला नीलूने तुझं विचारलं. काय विचारलं? "यही, कि खाना-वाना ठीक से खाती है क्या."

११ डिसेंबर, रविवार

गेले शेवटी. नीलू अंगणात उन्हाला बसली होती, मशीन बाहेर काढून. मला पाहून म्हणाली, "बस. धागा ओवून दे, मले दिसत नाई." मी ओवून दिला. मग दुसरा. तासभर तसंच. माफी मागायची म्हणून रस्ताभर वाक्य जुळवून आले होते, तोंडातून निघालंच नाही.

निघताना तीच बोलली. ऑपरेशनचं जानेवारीत पाहू म्हणते. नक्की नाही, पाहू. आणि म्हणते, "कधी कधी वाटते तुझं बरोबर आहे. वर शत्रू तं आहेच ना. मंग दुसऱ्या दिवशी वाटते, नाई, माझंच बरोबर."

मी म्हटलं पुन्हा एकदा पाहू बावन्नवा, दोघी मिळून. हव म्हणाली. थंडी कमी झाली की येते.

२८ डिसेंबर

फार थंडी. नीलूला परवापासून ताप, छातीत दुखते. आज श्वास लागला म्हणून गोंदियाला नेलं. मी मागून बसने. ऑक्सिजन. बोलू देत नाहीत. माझा हात धरला, तिची बोटं गार.

डॉक्टर म्हणतात सिकलसेलचं दुखणं छातीत उतरलंय, फुप्फुसात.

३० डिसेंबर

नीलू गेली. दुपारी, पावणेतीनला.

मी खाली चहा आणायला गेले होते काकूंसाठी.

१ जानेवारी २०१२

काल चुलबंद नदीवर नेलं. काही लिहायचं नाही.

८ जानेवारी, रविवार

नीलूच्या मागचा जलदान विधी झाला. भंतेजी आले होते. तिचा फोटो बारावीच्या हॉल तिकिटावरून मोठा केलेला, चेहरा थोडा पसरलाय. बंटी आला होता, पांढरा शर्ट घालून, कोपऱ्यात बसला. जाताना म्हणाला, "आखरी वाला फिर से देखा मैंने. हँसी नहीं आई." एवढंच.

काकूंनी मला जवळ घेतलं. ऑक्टोबरमध्ये मी काय बोलले ते नीलूने घरी सांगितलेलं दिसत नाही. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता मी एकटीच ते घेऊन फिरते.

१५ जानेवारी

फोरम उघडला. माझी पोस्ट तशीच. पुसायला गेले तर जुनी पोस्ट पुसता येत नाही म्हणतो. तिच्या पोस्टखाली भांडण चालूच आहे. जे हसत होते त्यांच्यातला एक आता तिच्या बाजूने भांडतो. एकाने विचारलंय, ही मुलगी कुठे गेली, हिच्यासाठी माझ्याकडे एक प्रश्न आहे.

मी टाइप केलं. खोडलं. बंद केलं.

२० जानेवारी, शुक्रवार

बॅच सुटल्यावर भाऊरावकाका क्लासात आले. कधी आत येत नाहीत, बाहेरूनच लुनाचा हॉर्न वाजवायचे. चपला दाराशी काढल्या. मी म्हटलं, काका, राहू द्या, घालून या. जयभीम म्हणून बसले. नेमके चार नंबरवर.

"नीलू त्या कम्पुटरवर काहीतरी लिहून राहिली होती म्हणे. बंटी सांगत होता. तूच वाचून दाखव."

मी उघडलं. इंग्रजी मराठीत करत करत वाचलं. तिने लिहिलं होतं: पहिल्या भागापासून प्रत्येक जण कायोला म्हणतो तुला जमेल. एकही जण म्हणत नाही, बस थोडा वेळ. बावन्न भागांत ती एकदाही जेवताना दिसत नाही, मी पाहिलं आहे. मला दुखतं तेव्हा लोक म्हणतात किती हिंमतवाली आहेस. मग मला रडता येत नाही. कायो उतरली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की मीही रडले तर चालेल. वरच्या ताईंनी तिला भित्री म्हटलं. त्यांचं चुकलं असं नाही, त्यांना ती हरलेली पाहवत नाही म्हणून म्हणतात. त्या अशाच आहेत.

इथे मी थांबले. काकांनी विचारलं, "ह्या वरच्या ताई कोण?"

मी म्हटलं, "मी, काका." आणि सगळं सांगितलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशीचंही.

काका रागावले नाहीत. रागवायला हवं होतं.

"मी बी म्हणलं होतं तिले. लढ म्हणून. रोज म्हणत होतो. बापानं दुसरं काय म्हणावं?"

मग म्हणाले, "ते पोट्टी शिडीवरून उतरली, तं खाली कोणी उभं होतं काय तिच्यासाठी?"

माहीत नाही, म्हटलं. खाली पोचायच्या आधीच संपतं.

"म्हणजे कोणीच पाहिलं नाई. मंग एवढे कशावरून भांडता तुम्ही?"

उठले, चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "मले दाखवशील काय? पहिल्यापासून."

३ फेब्रुवारी

काका शुक्रवारी दुकान लवकर बंद करून येतात. पहिले भाग हिंदीतले, बंटीने शोधून पाठवले. भा. १ ते ४ झाले. काकांचं मत माझ्याशी जुळत नाही, नीलूशी नाही, बंटीशीही नाही. त्यांना लढाईत रस नाही. "एवढं वजन एका गुडघ्यावर? बेअरिंग जाईन त्याचं." महालोह पडला की कोणी काय म्हणतं ते ऐकत नाहीत, त्याला उचलायला जॅक कुठे लावतील ते पाहतात. मी हसले. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. मग लाजही वाटली.

फोरमवरच्या त्या माणसाला अजून उत्तर दिलेलं नाही. रोज ठरवते.

१७ फेब्रुवारी

भा. ८ आणि ९. काकू पण आल्या आज, मुरमुऱ्याचा चिवडा घेऊन. त्यांना काही कळलं नाही, झोप लागली. काका मात्र पुढे सरकून बसलेले.

नवव्यात कायो अजून लहान आहे, नवीनच चढली आहे महालोहवर. एका जागी घसरून पडते आणि स्वतःवरच हसते. मी विसरून गेले होते हे.

काका म्हणाले, "हे पोट्टी लय गोड हासते. पुढंही हासते ना?"

मी काहीतरी बोलणार होते.

"थांब," म्हणाले. "सांगू नको."