दौलत ग्रंथमालेचं नवं धोरण

२ जानेवारी १९५५
नवं वर्ष, नवं धोरण. कालच लिहायचं होतं. काल सुट्टी पाळली.
वडिलांच्या वेळी प्रकाशन सोपं होतं. पहिल्या पानावर होळकर महाराजांना अर्पणपत्रिका. दसऱ्याला सगळी आवृत्ती गाडीत घालून राजवाड्यावर न्यायची आणि देवडीवर ठेवायची. दरबार ठेवलेली वस्तू परत करत नसे. चार दिवसांनी पैसे घरपोच. वाचक ही भानगड मध्ये नव्हती.
दरबार जाऊन सात वर्षं होत आली. मी घाई केली नाही. घाईने धोरण ठरत नाही.
ठरलं: दौलत ग्रंथमाला यापुढे आधुनिक पद्धतीने चालेल. आधी कॅटलॉग. सुलोचना म्हणाली, कॅटलॉगमध्ये पुस्तकं कुठली घालणार? बायकोशी धंद्याचं बोलू नये.

१९ जानेवारी
नानासाहेब दुकानात आले. शाळेत त्यांनी मला भूगोल शिकवला. दोनदा नापास केलं. मी मनात ठेवलेलं नाही.
पुस्तक लिहून आणलं आहे: ‘माळव्याच्या नद्या’. शिप्रा, चंबळ, कालीसिंध, आपली इंदूरची खान. निवृत्त झाल्यावर काठाकाठाने चालून लिहिलं. बाड पिशवीत, पिशवी मांडीवर. चहा घेतानाही खाली ठेवली नाही. म्हणाले, कांता, जन्मभर पोरांना टेम्सचा उगम शिकवला. आपल्या पुलाखालची नदी कुठून येते ते एकाला सांगता येत नाही. तुलाही येत नव्हतं.
डोळे चालले आहेत. डॉक्टरांनी दोन वर्षं सांगितली, फार तर. तोवर छापलेलं एकदा स्वतः वाचून व्हावं, एवढंच मागणं.
सहा महिन्यांत काढतो म्हणालो. सहा महिने पुष्कळ झाले.

४ फेब्रुवारी
ग्राहक योजना. वर्गणी आधी, पुस्तक नंतर, आणि पुस्तकाच्या शेवटी ग्राहकाचं नाव छापणार. सुलोचना म्हणाली, शेवटी कशाला? लोक पहिल्या पानावर मागतील. उगाच हसली.

२८ फेब्रुवारी
रामबागेत घरोघर फिरलो. चार ठिकाणी चहा, एका ठिकाणी पोहे. नाही कुणीच म्हणालं नाही. सगळे म्हणाले, पुस्तक तर निघू द्या भिया, पळून का जातोय आम्ही? म्हणजे मागणी आहे. एका गृहस्थांनी विचारलं, नावाआधी ‘श्रीमंत’ लावाल ना? त्यांचे धाकटे बंधू म्हणाले, दादांचं नाव असेल तर माझं नको.
योजना तत्त्वतः यशस्वी. वर्गणी कुणी दिली नाही.

२२ मार्च
ग्राहक योजना स्थगित. ऊन फार.
सुलोचनाने घरात नवीनच काढलं आहे. स्वयंपाकघरातलं जाळीचं कपाट दुकानात आणलं, त्यात जुन्या कादंबऱ्या लावल्या, आणि आठवड्याच्या बोलीने वाचायला देते. भाड्याने. टांगा भाड्याने घेतात, लग्नाची भांडी भाड्याने घेतात. वडिलांच्या तसबिरीखाली हे. मी स्पष्ट बोललो. म्हणाली, बोलून झालं असेल तर दुधाकडे बघा, मांजर आहे.
मांजर दूध पिऊन गेलेलं होतं. कपाट नसल्याचा परिणाम. तसं तिला सांगितलं.

१० एप्रिल
सरकार ग्वाल्हेरहून आलं. उन्हाळ्यात राजधानी इंदूर, हिवाळ्यात ग्वाल्हेर. फायली, बाबू, टाइपरायटर, सगळं पेट्यांतून येतं आणि पेट्यांतून जातं. आज हमालांना पेट्या उतरवताना बघत उभा होतो आणि एकदम उमगलं. दरबार गेलेला नाही. फिरता झाला आहे.
शिक्षण खातं शाळांसाठी पुस्तकं घेतं. एक मंजुरी, सगळी आवृत्ती गेली. वडिलांचीच पद्धत, पण आधुनिक.
नवं धोरण: क्रमिक पुस्तक. जेवताना सुलोचनाला समजावलं. तिने आमटी वाढली.

१४ एप्रिल
खात्यात गेलो. हेडक्लार्क सभ्य माणूस. म्हणाले, लक्ष्मीकांतजी, नदी-वदी सब ठीक है, मगर कोर्स में तो राज्य का भूगोल चलता है. खाली नदी कौन पढ़ेगा?
मुद्दा बरोबर. पुस्तकाचं नाव बदललं: ‘मध्यभारत राज्याचा भूगोल’. वजनदार आहे.
संध्याकाळी नानासाहेबांना सांगितलं. मग म्हणाले, चंबळ यमुनेला मिळते, ती तिकडे उत्तर प्रदेशात. हिला काय नाक्यावर थांबवू? मी म्हणालो, सध्या थांबवा. दुसऱ्या आवृत्तीत सोडू.

२३ जुलै
सहा महिने झाले, असं नानासाहेब म्हणाले. मी मोजले नव्हते. त्यांनाच काम नसतं.
अर्पणपत्रिका लिहायला घेतली आहे. मंत्रीसाहेबांना. चार पानं झाली. चांगली उतरली. जागेसाठी कालीसिंध थोडी कापावी लागेल.

११ ऑक्टोबर
पेपरात कमिशनचा रिपोर्ट. राज्यांची फेररचना. मध्यभारत मोडून मोठ्या राज्यात घाला म्हणतात.
कमिशनं रिपोर्ट देतच असतात. सुलोचना म्हणाली, अहो, ‘नद्या’च राहू द्या ना नाव. मी म्हणालो, राज्य असं मोडत नसतं. होळकरांचं दोनशे वर्षं चाललं. मध्यभारताला आठसुद्धा नाहीत.
म्हणाली, आणि होळकरांचं कुठे गेलं?
तिच्याशी इतिहास बोलत नाही.

१९ नोव्हेंबर
सरकार ग्वाल्हेरला. आमची फाईलही गेली. उन्हाळ्यापर्यंत सक्तीची विश्रांती. थकवा होताच.
सुलोचनाचं दुसरं कपाट आलं. हे विकत आणलं. मराठी साठा आटला म्हणून हिंदी कादंबऱ्या ठेवते. कव्हरवर पिस्तूल, मागे बाई. मिलमधल्या बाबूंच्या बायका दारात दाटी करतात. आज मला माझ्याच दुकानात शिरायला जागा मिळेना. एकीने सांगितलं, ओ काका, लाइन से आओ.

८ जानेवारी १९५६
ठराव: रोज सायकल. प्रकृतीसाठी. रामबागेपर्यंत आणि परत.
सुलोचना म्हणाली, जाताच आहात तर ही पाच-सहा पुस्तकं पोचवा. वाटेवरच आहेत. हे भाड्याच्या धंद्यात पडणं नव्हे.

२ मार्च
आता पिशव्या दोन. हँडलच्या दोन्ही बाजूंना. तोल बरा राहतो.

७ मे, सकाळी
सरकार आलं. फाईलही आली, धुळीसकट. हेडक्लार्क म्हणाले, छाप लो, देख लेंगे.
मंजुरी मिळाली! ‘देख लेंगे’ हे सरकारी भाषेत हो असतं. वडील असते तर पेढे वाटले असते.

७ मे, संध्याकाळी
नानासाहेब आले. दुकानाची पायरी चुकले, मी धरलं. खिशात भिंग घेऊन हिंडतात. म्हणाले, डावा गेला. उजव्याने मोठा टाइप दिसतो. मोठ्या टाइपात छापशील का?
मोठ्या टाइपात चार पानांची अर्पणपत्रिका सहा पानांची होईल. शोभेल. हो म्हणालो.
छपाईचा खर्च सुलोचना देते म्हणाली. कपाटांच्या कमाईतून. धोरणावर अखेर विश्वास बसला. ती म्हणाली, धोरणासाठी नाही, नानासाहेबांसाठी. एकच गोष्ट.

५ सप्टेंबर
दिल्लीत कायदा झाला. एक नोव्हेंबरपासून मध्यभारत नाही. प्रेसवाला तुकोजी मुखपृष्ठ हातात धरून विचारत होता, साहेब, नाव हेच ठेवायचं का? अजून टाइपाचे खिळे सोडता येतील.
हेच, म्हणालो. कायदे होतात आणि अंमलात यायला वर्षं लागतात. शिवाय मंजुरी या नावाने आहे.
तुकोजी म्हणाला, भिया, आपकी मर्जी.

६ ऑक्टोबर
पुस्तक आलं. पाचशे प्रती. मोठा टाइप, डोळ्यांना सुखद. वास घेतला.
सुलोचना लगेच नानासाहेबांकडे निघाली एक प्रत घेऊन. मी थांबवलं. वडील दरबाराच्या आधी लेखकालाही प्रत देत नसत. शकुनाची गोष्ट आहे. पावणेदोन वर्षं थांबले, आठवडा थांबतील.
ती स्वयंपाकघरात गेली. भांडी वाजली.

१४ ऑक्टोबर, दसरा
वडिलांच्या रीतीने झालं. हातगाडी, वर झेंडूचं तोरण, नारळ. सगळी आवृत्ती. मागे हात राखायचा नाही, दरबाराला ते कळतं.
सुट्टी असूनही खात्यात गडबड. पेट्या भरणं चालू होतं. हेडक्लार्क भेटले नाहीत. चपराशी म्हणाला, अरे भिया, ये क्या उठा लाए? यां तो सब जा रिया है! मी म्हणालो, कोपऱ्यात ठेव. त्याने ठेवली. नारळ आतल्या खोलीत नेला.
कुणी परत न्या म्हणालं नाही. स्वीकार झाला.

१ नोव्हेंबर
नवं राज्य. राजधानी भोपाळ. इंदूरला काहीच नाही. पोह्यांच्या दुकानातही लोक मान हलवत होते.
खात्यात जाऊन आलो. कुलूप. चौकीदार म्हणाला, पेटियां कुछ ग्वालियर गईं, कुछ भोपाल. पुस्तकांचं विचारलं. म्हणाला, होंगी किसी में.
म्हणजे आवृत्ती राजधानीत पोचली आहे. कुठल्या तरी.

४ नोव्हेंबर
नानासाहेबांकडे जाणं टाळत नव्हतो. दिवाळी होती.
आज गेलो. सांगितलं, सगळी आवृत्ती सरकारने उचलली. एकही प्रत शिल्लक नाही. हे शब्दशः खरं आहे.
म्हणाले, सगळी? मग पोरांपर्यंत जाईल रे. हात चाचपत फराळाची बशी पुढे केली. चकली कडक होती. लवकर निघालो.

२६ नोव्हेंबर
गौप्यस्फोट. एक प्रत कपाटात आहे. दसऱ्याला सुलोचनाने हातगाडीवरून काढून घेतली होती. माझ्या पाठीमागे, माझ्या तोरणाखालून. म्हणूनच शकुन बिघडला.
रागावलो. मग विचारलं, कपाटात दिसत तर नाही? म्हणाली, बाहेर गेलंय वाचायला. गेल्या शनिवारी परत आलं आणि तेव्हाच पुन्हा गेलं. त्याच्या आदल्या शनिवारीही तेच.
मी थक्क. कव्हरांवरच्या पिस्तुलांना मागे टाकून भूगोल! कोण नेतं विचारलं. म्हणाली, वाचणारे नेतात. पोळ्या लाटत होती.
वडिलांचं चुकलंच होतं, आता लिहायला हरकत नाही. धंद्याचा आधार वाचक.
नवं धोरण: थेट वाचक. दुसरी आवृत्ती हजाराची. नाव ‘मध्यप्रदेश राज्याचा भूगोल’. बाकी मजकूर तोच.

१५ डिसेंबर, शनिवार
सुलोचना रामबागेत हळदीकुंकवाला. दुकानात मी. मुद्दाम बसलो. वाचक प्रत्यक्ष पाहावा, त्याला दोन प्रश्न विचारावेत, उत्तरं दुसऱ्या आवृत्तीच्या जाहिरातीत घालावीत असा बेत.
चार वाजता नानासाहेब आले. काठी, मफलर. मफलरच्या आत पुस्तक. मला ओळखलं नाही. कपाटाच्या दिशेने तोंड करून म्हणाले, सुलोचनाबाई, वेळेवर आणलंय. कुणी मागितलं का?
नियम म्हणे एक आठवड्याचा. दुसऱ्या कुणाला हवं असेल तर अडवून ठेवू नये, म्हणून दर शनिवारी चालत येतात, विचारतात, आणि कुणी मागितलं नसेल तर पुन्हा नेतात. दुपारच्या उन्हात भिंग धरून दोन पानं होतात. हे सगळं मी ओळख दिल्यावर त्यांनीच सांगितलं, उभ्याउभ्या.
मी म्हणालो, नानासाहेब, मी आहे, कांता. म्हणाले, अरे, तू? बरं झालं. सांग, मागतं का कुणी?
नाही म्हणायला हवं होतं. तोंडाला सवय नाही. म्हणालो, मागतं म्हणजे? रांग आहे. शाळेतली मुलं रोज विचारून जातात.
त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. शाळेतही नाही. म्हणाले, मुलं? खानचं विचारतात?
खानचंच, म्हणालो.
त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं. वरून हात फिरवला. म्हणाले, मग मी नेत नाही. पोरांना दे. माझं निम्मं झालंय. राहिलेलं मला पाठ आहे.
आठवड्याचे दोन आणे पुस्तकावर ठेवले आणि पायरी शोधत उतरले. मी हाक मारणार होतो. काय म्हणून मारायची ते ठरेना.

त्याच दिवशी, दिवेलागण
सुलोचना आली. ओटीचा नारळ ठेवायला कपाट उघडलं. मी आत ठेवलेलं पुस्तक दिसलं. म्हणाली, अहो, नानासाहेब आज आले नाहीत? बरे आहेत ना?
पुस्तक पिशवीत घातलं आहे, सायकल बाहेर काढली आहे. काय सांगायचं ते रस्त्यात ठरवीन.